एक धड फोटो

आईने फोनवर सांगितलं, "यंदा येशील तवा तो मोठा कॅमेरा घेऊन ये. माझा एक धड फोटो काढून ठेव."

"कशाला गो?"

"भिंतीवर लावायला."

"आत्ता?"

"आत्ता कशाला? मी गेल्यावर." आणि त्याच दमात, "पिवळ्या कोंबडीनं पिल्लं काढली. अकरा हायत."

मी इंदूरला, स्टुडिओच्या मागच्या खोलीत उभी होते. हातात कुणाच्या तरी हळदीचे फोटो. फोटोचं विचारावं की पिल्लांचं, ते सुचेना. मी पिल्लांचं विचारलं.

आईला धड फोटो का हवा होता, हे मला ठाऊक होतं. वडील गेले तेव्हा घरात त्यांचा एकही फोटो नव्हता. होता तो ओळखपत्रावरचा, नखाएवढा. भाऊ तोच घेऊन मोटारसायकलवर मुरबाडला गेला, कारण मामाच्या ओळखीचा स्टुडिओ तिथे होता. स्टुडिओवाल्याने मनापासून काम केलं, खोटं कशाला बोलू. फोटो मोठा केला, चेहऱ्याचे ठिपके ठिपके झाले होते ते घासून गुळगुळीत केले, आणि गळ्याखाली काहीच नव्हतं म्हणून तिथे निळा कोट आणि लाल टाय लावून दिला. माझ्या वडिलांनी जन्मात कोट घातला नाही. लग्नातसुद्धा सदरा होता, तोही मामाचा.

भावाने फ्रेम भिंतीला टेकवली तशी आई म्हणाली, "हा कोण सायेब आणलास?"

घरात सुतक, बायका रडत बसलेल्या, आणि त्यातल्या दोघी-तिघींना हसू आवरेना. भाऊ मात्र कोपऱ्यात जाऊन रडला. आई अजूनही तो फोटो पुसते तेव्हा तोंडच पुसते, कोटावर फडकं फिरवत नाही. आणि तेव्हापासून तिने घोकलं आहे की आपल्या गळ्याखाली दुसऱ्या कुठल्या बाईची साडी यायला नको.

हे काम तिने माझ्यावर टाकलं, कारण आमच्या पाड्यात कॅमेऱ्यावर पोट भरणारी मी एकटीच. आणि नेमकी मीच त्या दिवसांत हललेल्या फोटोंच्या मागे लागले होते.

ते कसं झालं ते सांगते. मी आठवीतून शाळा सोडली. सोडली असं म्हणायची पद्धत आहे. खरं तर दिवाळीनंतर आईवडील वीटभट्टीवर गेले, धाकट्या भावाला सांभाळायला मला नेलं, आणि पावसाआधी परत आलो तेव्हा शाळेला सुट्टी लागली होती. पुढच्या वर्षी मी गेले नाही. कुणी काढलं नाही, कुणी बोलावलंही नाही. मग लग्न झालं. नवरा भिवंडीच्या गोदामात होता. त्याच्या मालकाने इंदूरकडे नवं गोदाम काढलं आणि आम्ही दोघं तिकडे गेलो. घरापासून इतक्या लांब, की पहिले सहा महिने मी भाजीवालीशीही बोटांनी बोलत होते.

स्टुडिओत मला अल्बमांना प्लास्टिक चढवायच्या कामावर घेतलं. मालकीण मूळच्या मराठीच, पण चार पिढ्या इंदूरच्या. मी त्यांना मॅडम म्हणते. त्यांनी मला माऊस धरायला शिकवलं, माझा हात हातात घेऊन, पहिलीच्या पोरीला पाटीवर गिरवायला शिकवतात तसं. माझ्या हाताला घाम यायचा, माऊस निसटायचा. त्या एकदाही वैतागल्या नाहीत. माणसाचे उपकार किती मानायचे याला माप नसतं, पण मी आजही सकाळी त्यांच्या टेबलावरचं पाणी स्वतः भरते, शिपाई असला तरी.

माऊस चालायला लागल्यावर मला कचरा काढायचं काम मिळालं. लग्नाचे फोटो ढिगाने येतात. त्यातले डोळे मिटलेले, मान कापलेले आणि हललेले फोटो शोधायचे आणि फेकायचे. मी तासन्‌तास तेच करायची. एके दिवशी एक हललेला फोटो आला. एक म्हातारी वाकून पोराला उचलत होती. तोंड दिसत नव्हतं, लुगड्याचा नुसता हिरवा फराटा, आणि त्या फराट्यात पाठीचा बाक. मला आई दिसली. म्हणजे आईसारखी कुणी नव्हे, आईच. फेकायचं बटण माझ्याने दाबवेना. मी एक फोल्डर केलं आणि तो फोटो त्यात लपवला. मग असे सापडतील तसे लपवत गेले.

मी घाबरट आहे. गॅस बंद केला का हे बघायला जिन्यावरून तीनदा वर जाते. त्यामुळे ते फोल्डर म्हणजे माझ्या जिवाला घोर होता. चोरी केल्यासारखं वाटायचं. शेवटी मॅडमनी ते उघडलंच. मी मागे उभी.

"हे तू ठेवलेस?"

"चुकून राहिले, मॅडम. आत्ता काढते."

"अगं थांब. डरती क्यों है?" त्या एकेक फोटो बघत गेल्या. मग म्हणाल्या, "ये तो चूक से हुए हैं. मुद्दाम काढून बघितलास कधी?"

मला वाटलं टोमणा आहे. तो टोमणा नव्हता. त्याच संध्याकाळी त्या मला स्टुडिओमागच्या बागेत घेऊन गेल्या. कॅमेऱ्याचं शटर म्हणजे दार, एवढं मला कळत होतं. आपण लग्नात ते दार पापणी लवायच्या आत मिटतो, म्हणून माणूस जागच्या जागी थिजतो. ते दार अर्धा सेकंद उघडं ठेवायचं आणि तेवढ्यात कॅमेराच हलवायचा. झाडं उभी असतात, म्हणून वरून खाली. पाणी आडवं असतं, म्हणून आडवा. जसं ज्याचं अंग, तसा आपला हात. "घाई नको," त्या म्हणाल्या, "आणि थरथर नको. हालवायचं, कापायचं नाही. दोन्हीत फरक आहे."

तो फरक कळायला मला वर्ष लागलं, तोवर मॅडम मला लग्नांचे फोटो काढायलाही नेऊ लागल्या होत्या. आधी सगळे फोटो नुसते चिखल यायचे. मग एकदा निलगिरीचं झाड असं उतरलं की जणू ते वरून ओघळत खाली आलंय. मी बागेत एकटीच हसले. त्या दिवसापासून माझ्या मनात एकच होतं, हे घरी करून बघायचं. मला इंदूरला घराची आठवण यायची ती चेहऱ्यांची नाही यायची. भाऊ मोबाईलवर सगळ्यांचे लख्ख फोटो पाठवतो, आई दारात उभी, आई गाईजवळ उभी, आणि ते बघून मला काहीच होत नाही. मला आठवतं ते तिचं कोपरापासून फिरणारं मनगट, भारा डोक्यावर घेताना कमरेतून जाणारा झटका. ते कुठल्याच उभ्या फोटोत नव्हतं.

मॅडमनी आठ दिवसांची सुट्टी दिली आणि स्वतःचा कॅमेरा दिला. सोबत एक काळी काच दिली, भर उन्हात भिंगावर चढवायची, म्हणजे दार जास्त वेळ उघडं ठेवलं तरी फोटो पांढराफटक पडत नाही. "सांभाळून," एवढंच म्हणाल्या. ते ऐकून मी आसनगावपर्यंत झोपले नाही. शहापूरहून डोळखांबच्या एसटीत कॅमेऱ्याची पिशवी मांडीवर, तिच्यावर ओढणी, ओढणीवर दोन्ही हात. शेजारची बाई म्हणाली, "तान्हं हाय का गो? रडत कसं नाय?"

दिवाळी होऊन गेली होती. भात कापून झालं होतं, झोडणी चालू होती. आमच्याकडे झोडणीला सावड असते. आज सगळ्यांनी मिळून आमच्या खळ्यावर, उद्या शेजारच्या काकीच्या, परवा तिसऱ्याच्या. मी गेले त्या दिवशी आमची पाळी होती. सारवलेल्या खळ्यावर मधोमध लाकडी फळी, भोवती पाच-सहा बायका, पेंढी डोक्यावरून घ्यायची आणि फळीवर आपटायची, दाणे उडायचे. कडेला आई सुपाने भात वारवत होती. वाऱ्याचा अंदाज घेऊन सूप वर धरायचं आणि सोडत राहायचं, दाणा खाली, फोलपट लांब.

मी काळी काच चढवली. कॅमेरा डोळ्याला लावला. आणि सगळ्या बायका थांबल्या.

काकीची पेंढी डोक्यावर तशीच अधांतरी. दुसरी वाकलेली तशी वाकलेली. जणू कुणी मंत्र घातला.

"काकी, थांबू नका ना. तुमी काम करा. मी नाय असं समजा."

"असं कसं समजू? एवढी मोठी घोडी समोर उभी हायस. काढ लवकर, हात भरून आला."

"काम करतानाच काढायचाय."

"मग कामच करतेय ना? पेंढी हातात हाय का नाय?"

सगळ्या हसल्या, पण हसताना हलल्या म्हणून पुन्हा गप्प होऊन सरळ उभ्या राहिल्या.

सगळ्यांत पक्की आई. सूप खांद्याइतकं वर, दाणे काठाला आलेले, पण पडू द्यायचे नाहीत. हनुवटी वर, श्वास कोंडलेला, डोळे मोठे. ओळखपत्राच्या वेळी फोटो काढणाऱ्या पोराने तिला तीनदा म्हटलं होतं, आजी हलू नका. तिसऱ्यांदा जरा चढ्या आवाजात. तेव्हापासून कॅमेरा दिसला की आई दगड होते.

"आई, हल ना गो."

"हललं की फोटो जातो."

"मला गेलेलाच हवाय."

"मग काढतेस कशाला?"

मला वाटलं, ही हलणार नाही तर मी हलते. ती जो हात फिरवायची तो हात मला पाठ होता. लहानपणापासून बघितलेला. मी शटर अर्ध्या सेकंदावर ठेवलं आणि तिचं सूप जसं खाली यायचं तसा कॅमेरा खाली आणला, कोपरापासून, मनगटात शेवटी जरा वळण देऊन. माझ्या अंगाने तिचं वारवणं केलं.

पहिले दहा-बारा वाया गेले. मग एक आला. पडद्यावर तोंड नाही, डोळे नाहीत. साडीचा विटकरी रंग वरून खाली सांडत आलेला, त्याला मध्ये बाक, आणि एका बाजूला भाताचा पिवळा धूर. मी ते बघत राहिले. इंदूरला रोज आठवायचं ते हेच.

काकीने माझ्या खांद्यावरून डोकावलं. "अगो बाय! ही बघ तुझी आय. पार धूर झाली."

मग सगळ्या जमल्या. कुणी म्हणाली भूत, कुणी म्हणाली पाण्यातली सावली. आईने कॅमेरा हातात घेतला नाही, लांबूनच बघितलं. तिला हसू आलं नाही. तिने माझ्या मनगटाला हात लावला आणि हळूच विचारलं, "तुझा हात कापतो का गो?"

"नाय आई, मी मुद्दाम हलवला."

"मुद्दाम कोण हलवतं? जेवतेस ना तिकडं? का नुसती पोळी खातेस?"

मी परोपरीने समजावलं. तिने मान डोलावली आणि संध्याकाळी नाचणीची भाकरी आणि दोन अंडी माझ्या ताटात आली. दुसऱ्या दिवशी सकाळी नाचणीची आंबील. हात कापणं म्हणजे अंगात ताकद नसणं, हे तिच्या लेखी ठरलेलं होतं. मी जितके हललेले फोटो दाखवले तितकी मला आंबील जास्त मिळाली. भाऊ म्हणाला, "तायडे, उद्या झाडांचे काढ, मला पण अंडं मिळंल."

मी खरंच झाडांचे काढले. पाड्यामागचा साग, पानं अर्धी झडलेली, उभ्या राखाडी रेघा. काढलेल्या शेतातली भाताची बुडखी, आडवी. डोळखांबकडे जाणारी वाट, गुरं. चौथ्या दिवशी भावाच्या मागे बसून टोकावड्याला मामाकडे गेले, तर मोटारसायकलवरून धावते डोंगर काढले. काही चांगले आले. पण दर संध्याकाळी मी आईवरच येऊन थांबायची. तिला चुकवून, पाठमोरी असताना, ती पाणी ओतताना, चुलीपुढे वाकताना. चाहूल लागली की ती गोठायची आणि मग मी तिच्याभोवती कॅमेरा हलवत राहायची.

आणि ज्या कामासाठी आले होते ते तसंच होतं. आई रोज सकाळी विचारायची, "आज काढतेस?" मी सांगायची, ऊन फार आहे. दुसऱ्या दिवशी सांगायची, साडीला इस्त्री नाही. तिसऱ्या दिवशी, मागची भिंत काळी आहे. सगळं खरं होतं आणि सगळं खोटं होतं. लग्नात मी याहून वाईट उन्हात फोटो काढलेत.

सहाव्या दिवशी आई चिडली. दुपारची वेळ, ती पेंढ्याच्या उडवीला टेकून बसलेली, मी समोर.

"सहा दिस झाले. झाडं हलवतेस, डोंगर हलवतेस, शेळ्या हलवतेस. माझा एक फोटो काढायला तुला टाइम नाय."

"काढते ना."

"नाय काढायचा तर नाय सांग. मी भावाला सांगते. तो मोबाईलवर काढंल."

"तसं नाय गो."

"मग कसं?"

मी खाली बघत म्हटलं, "तो काढला की तू तयारच झालीस असं वाटतं मला."

ती काही वेळ पेंढ्याची काडी मोडत राहिली. मला वाटलं, रडेल. ती म्हणाली, "तुझ्या बापाचा नव्हता काढला. राहिला का तो?"

मी तिच्या शेजारी जाऊन बसले.

"तो गेला तवा तुझा भाऊ दिवसभर फोटो शोधीत होता. पेटी उघड, कपाट उघड, मग मुरबाड. बापाजवळ बसला नाय तो. अजून मला बोलतो, आई मी बसलोच नाय." तिने काडी टाकली. "माझ्या वेळंला तुमी बसा. म्हणून म्हणते काढून ठेव. मला काय फोटोची हौस हाय?"

इतकी वर्षं मला वाटत होतं प्रश्न कोटाचा आहे. तिला साडीही हवीच होती स्वतःची, पण खरी गोष्ट ही होती, आणि ती तिने सहा दिवस आंबिलीबरोबर गिळून ठेवली होती. मला माझीच लाज वाटली. मी माझ्या आठवणीसाठी तिला धूर करत बसले होते आणि ती आमच्या सोयीसाठी दगड व्हायला तयार होती. दुसऱ्या दिवशी सावडीतल्या शेवटच्या घरची झोडणी होती, तिला जाणं भाग. म्हणून निघायच्या दिवशी सकाळी काढायचं ठरलं.

त्या सकाळी आईने डोक्याला तेल लावलं. मी इंदूरहून आणलेली साडी बाजूला ठेवून तिने जांभळी काढली, मामाने कधीतरी भाऊबीजेला दिलेली. "ही बघितली की सगळ्यांना मीच आठवंल," म्हणाली. अंगणात पश्चिमेला सावली होती. भाऊ कुडाच्या भिंतीपुढे चादर धरून उभा. आई स्टुलावर बसली, पदर दोन्ही खांद्यांवरून, हात मांडीवर. आणि दगड झाली.

मी काळी काच काढून ठेवली. शटर पापणी लवायच्या आत मिटेल असं लावलं. आणि माझे हात कापायला लागले.

मुद्दाम नाही. खरंच. कोपरापासून बोटांपर्यंत. मी तीन फोटो काढले, तिन्ही हलले. आठ दिवस जे जीव तोडून करत होते ते आता न मागता होत होतं आणि मला ते नको होतं. भाऊ चादरीमागून म्हणाला, "तायडे, हात दुखले माझे." आई ओठ न हलवता म्हणाली, "आंबील पी म्हटलं तर अर्धी टाकलीस."

मला हसू फुटलं आणि डोळ्यांत पाणी आलं, दोन्ही एकदम. मी घरातून नव्या भाताचं एक पोतं ओढत आणलं, उभं केलं, त्याच्यावर कॅमेरा टेकवला. पोत्यात कॅमेरा छान बसला. मी गुडघ्यावर बसले, श्वास धरला. आई माझ्याकडे बघत होती, थेट, न हलता. कपाळावरचं गोंदण, डाव्या गालाची सुरकुती, नाकपुडीजवळचा तीळ. मी इतक्या वेळ तिच्या तोंडाकडे कधी बघितलंच नव्हतं. कुणीच बघत नाही. बटण दाबलं.

पडद्यावर मोठा करून दाखवला. तिने आधी गळ्याखाली बघितलं.

"साडी माझीच हाय ना?"

"तुझीच."

"तोंड?"

"ते पण."

तिने पुन्हा बघितलं, बराच वेळ. "म्हातारी झाले गो," म्हणाली. मग, "बरा हाय. असाच ठेव. गुळगुळीत नको करू."

भाऊ म्हणाला, "जाताना मुरबाडला प्रिंट टाकतो."

"मुरबाडात नको," आई ताडकन म्हणाली. "मला पण कोट घालतील. हिच्या मॅडमकडं कर."

झालं. तिचं काम झालं. ती स्टुलावरून उठली आणि तिचा सगळा ताठपणा तिथेच पडला. पदर खोचला, म्हणाली, "आता तुला काय धूर करायचा तो कर, मला काम हाय," आणि खळ्याकडे चालू लागली. वारं सुटलं होतं. मागे राहिलेलं भात तिने सुपात घेतलं आणि वारवायला लागली. जांभळ्या साडीतच. मी समोर कॅमेरा घेऊन उभी होते, ती माझ्याकडे बघतही नव्हती. थांबली नाही, गोठली नाही. जे जपायचं होतं ते जपून झालं होतं, आता हलायला तिची ना नव्हती.

मी काळी काच पुन्हा चढवली. शटर पूर्ण एका सेकंदावर ठेवलं. हात मात्र हलवले नाहीत, पोतं खळ्यावर नेलं आणि कॅमेरा त्याच्यावर ठेवला. ती हलली आणि मी थांबले. चार-पाच फोटो काढले असतील. काकीने कुंपणापलीकडून ओरडून विचारलं, "निघालीस का गो? गाडी चुकंल." भावाने मोटारसायकल काढली. मुरबाडहून कल्याणची एसटी धरायची होती.

आईच्या पाया पडले तेव्हा तिच्या हाताला फोलपट चिकटलेलं होतं, ते माझ्या केसांत राहिलं. कल्याणला आरशात बघितलं तर तिथेच होतं. मी काढलं नाही.

इंदूरला मॅडमनी कार्ड उघडलं. धड फोटो आला तेव्हा त्या थांबल्या. "हा कशासाठी?" मी सांगितलं. त्यांनी काही विचारलं नाही, स्वतः कागद निवडला, स्वतः प्रिंट काढली, रंग दोनदा तपासला. जांभळा तंतोतंत आला. फ्रेम करून मी गावच्या एका माणसाबरोबर शहापूरपर्यंत पाठवली, तिथून भावाने नेली.

आईने ती वर्तमानपत्रात गुंडाळून पेटीत तळाला ठेवली आहे, साड्यांच्या खाली. भावाला जागा दाखवून ठेवली आहे. तिच्या फोनवरच्या आवाजात तेव्हापासून एक मोकळेपणा आहे. हे मी उगाच म्हणत नाही, भावालाही जाणवतो.

मी मात्र तो फोटो पुन्हा उघडलेला नाही. तो कुठे ठेवला आहे ते मला माहीत आहे, दोन ठिकाणी ठेवला आहे, कारण हरवण्याची भीती वाटते. पण उघडायची छाती होत नाही. तो ज्या दिवसाचा आहे तो दिवस अजून आलेला नाही. माझ्या मोबाईलवर असतो तो खळ्यावरचा शेवटचा. त्यात आईला तोंड नाही. जांभळ्या रंगाचा एक झोत आहे, कमरेत वाकलेला, आणि त्याच्या कडेने पिवळं काहीतरी उडत राहिलेलं. स्टुडिओतल्या मुली विचारतात हे काय आहे, पडदा आहे का. मी म्हणते, हो, तसंच काहीतरी. दुपारचा डबा उघडण्याआधी मी तो एकदा बघते. कधी बरं वाटतं. कधी डबा तसाच राहतो.

परवा आईने फोनवर विचारलं, "तुझ्याकडं पण हाय ना गो माझा एक फोटो?"

"हाय," मी म्हटलं.

"नीट ठेवलायस ना?"

"रोज बघते."

ती खूश झाली. कुठला ते तिने विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. मग तिने मला विचारलं, सकाळी काय खाल्लंस, आणि हात आता कसा आहे.